शेवटच्या टप्प्याचं पुढे काय होतं?

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास जळगाव, बुलढाणा, अकोल्याच्या आकाशातून जळते तुकडे ओळीने सरकत गेले. कुणी उल्का म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. आसपास धातूचे गोळेही सापडले. अवकाशातल्या वस्तूंची नोंद ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च 3बी’ रॉकेटचा तिसरा, म्हणजे सर्वांत वरचा टप्पा असावा.

लोकांना हे यंत्र दिसलं ते जळताना. त्याचं खरं काम कुणालाच दिसत नाही.

खालचे टप्पे वजन उचलतात, हवेतून वाट काढतात. पण नुसती उंची गाठून भागत नाही. पृथ्वीजवळच्या कक्षेत टिकायला सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर आडवा वेग लागतो, आणि त्यातली शेवटची भर वरचा टप्पा घालतो. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा तसा किरकोळच: अडीच टन इंधन, दोन छोटी इंजिनं. त्यातलं इंधन आणि ते जाळणारं दुसरं द्रव्य एकमेकांना भेटताच पेटतात, ठिणगी लागत नाही. त्यामुळे इंजिन बंद करून पुन्हा चालू करणं सोपं जातं. 26 सप्टेंबर 2016 रोजी असं करूनच एका उड्डाणात दोन वेगळ्या कक्षा साधल्या; मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ उपग्रह त्यातच होता. आपल्याच एलव्हीएम-3 रॉकेटचा वरचा टप्पा याहून अवघड. त्यातला द्रव हायड्रोजन उणे 253 अंशांवर राखावा लागतो. त्याच्या सीई-20 इंजिनाच्या बांधणीत विक्रोळीच्या गोदरेजचा हात आहे.

उपग्रह सुटला की उरतो रिकामा सांगाडा. लांबट कक्षेतला सांगाडा दर फेरीत पृथ्वीजवळ येताना विरळ हवेला घासतो, वेग गमावतो आणि एक दिवस कुठेही कोसळतो. याउलट इस्रोने पीएसएलव्हीच्या 1 जानेवारी 2024 च्या उड्डाणानंतर चौथा टप्पा 650 किलोमीटरवरून 350 वर उतरवला, उरलंसुरलं इंधन काढून टाकलं आणि त्यावर ‘पोएम-3’ नावाने प्रयोग चालवले. 21 मार्चला तो उत्तर पॅसिफिकवर जळून संपला. माझ्या मते खाली आणण्यापुरतं इंधन राखून ठेवणं हा प्रत्येक वरच्या टप्प्याच्या आराखड्याचाच भाग हवा. तो खर्च लाडबोरीसारख्या गावांवर टाकता येत नाही.

तोवर शेतात असं काही पडलेलं दिसलं, तर हात लावू नका. आत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलिसांना किंवा तहसील कार्यालयाला कळवा.