पहिल्या पावलाचे भौतिकशास्त्र



दिवाळीच्या आगेमागे वर्धा जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. घरातील मोठी माणसे वावरात जातात आणि तान्ह्या भावंडाकडे लक्ष ठेवण्याचे काम पुष्कळदा तुमच्याकडे येते. शेजारीण विचारते, "अजून चालत नाही का जी?" मग कोणीतरी चाकांचा वॉकर आणण्याचा सल्ला देते. हा सल्ला बरोबर की चूक? शाळेत शिकलेल्या गुरुत्वमध्य, ऊर्जा आणि प्लावक बल या तीन कल्पना वापरून आपण त्याचे उत्तर शोधू.

तोल सांभाळणे इतके अवघड का?

प्रथम एक सोपा प्रयोग करा. तळहातावर तीन फूट लांबीची काठी उभी धरून तोल सांभाळा. नंतर तसाच प्रयत्न पेन्सिलीने करा. काठी थोड्या सरावाने उभी राहते, पेन्सिल मात्र काही केल्या राहत नाही. उंच वस्तू सावकाश कलते आणि हात हलवायला आपल्याला वेळ मिळतो. आखूड वस्तू झटकन पडते.

कलण्याच्या या वेगाचे ढोबळ माप √(h/g) या राशीने मिळते. येथे h म्हणजे जमिनीपासून गुरुत्वमध्याची उंची. मोठ्या माणसाचा गुरुत्वमध्य सुमारे ९२ सेंमी उंचीवर धरला, तर हे माप ०.३१ सेकंद येते. ७५ सेंमी उंचीच्या मुलाचा गुरुत्वमध्य सुमारे ४३ सेंमीवर धरला, तर ते ०.२१ सेकंद येते. म्हणजे तोल सावरण्यासाठी मुलाला आपल्या दोन-तृतीयांश इतकाच अवधी मिळतो. त्यात त्याची पावले लहान, म्हणून आधाराचे क्षेत्रही लहान. डोके मात्र शरीराच्या मानाने मोठे व जड. म्हणूनच मूल पाय फाकवून आणि हात वर धरून चालते. पाय फाकवल्याने आधाराचे क्षेत्र वाढते. मुलाने स्वतःच शोधलेला हा उपाय आहे.

पडणे हाच अभ्यास

२०१२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचे मोकळे खेळणे पाहून पावले मोजली. सरासरी एका तासात मूल २,३६८ पावले टाकते आणि १७ वेळा पडते, असे त्यांना आढळले! कोणत्या खेळाडूचा सराव इतका असतो?

इतके पडूनही मुलाला फारसे लागत का नाही? mgh हे सूत्र वापरा. १० किलोग्रॅमचे मूल उभ्याचे पडले, तर सुमारे ४२ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ६० किलोग्रॅमचा माणूस पडला, तर सुमारे ५४० ज्यूल, म्हणजे जवळजवळ तेरा पट. मोठ्या माणसाच्या हाडाचा छेद मात्र, उंचीच्या वर्गाच्या हिशेबाने, मुलाच्या पाच पटच असतो. म्हणून आजोबांचे पडणे काळजीचे आणि बाळाचे सपाट जमिनीवर पडणे बहुधा साधे असते. पायरी, ओटा, चूल आणि पाण्याने भरलेली बादली यांना मात्र हा हिशेब लागू नाही.

पाण्यातली पावले

नवजात बाळाला उभे धरून त्याचे तळवे जमिनीला टेकवले, तर ते चालल्यासारखे पाय उचलते. साधारण दोन महिन्यांनी ही हालचाल दिसेनाशी होते. मेंदू प्रौढ होताना ती दाबून टाकतो, असे पूर्वी मानत. १९८४ मध्ये अमेरिकेतील एस्थर थेलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी शंका घेतली. या काळात पायांवर चरबी झपाट्याने चढते, स्नायूंचे बळ मात्र त्या मानाने वाढत नाही. मग पाय जड झाल्यामुळेच तर ते उचलत नसतील?

त्यांनी बाळांना छातीपर्यंत पाण्यात उभे धरले. प्लावक बलाने पायांचा भार हलका झाला आणि पावले पुन्हा जास्त पडू लागली! उलट, ज्या बाळांचे पाय उचलले जात होते त्यांच्या पायांना लहानशी वजने बांधली, तेव्हा पावले कमी झाली. आर्किमिडीजच्या तत्त्वाने बालविकासातील कोडे उलगडले. (हा प्रयोग तज्ज्ञांचा आहे, घरी मुळीच करू नका.)

यावरून एक महत्त्वाची गोष्ट समजते. चालण्यासाठी मेंदूची वाढ हवी, तसेच स्वतःचा भार पेलणारे स्नायूही हवेत. भार पेलूनच स्नायूंचे बळ वाढते.

वॉकर की पांगुळगाडा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वॉकरमध्ये मूल झोळीसारख्या आसनावर बसते. भार आसन पेलते आणि तोल चाकांचे रुंद कडे सांभाळते. मुलाने शिकायच्या दोन्ही गोष्टी वॉकरच करून टाकतो! मूल फक्त चवड्यांनी जमीन मागे ढकलते आणि सेकंदाला एक मीटरहून अधिक वेगाने पायरीपाशी किंवा चुलीपाशी पोचू शकते. वॉकरमुळे मूल लवकर चालू लागते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. काही अभ्यासांत तर उशीरच आढळला. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. त्याला मूल उभे राहून ढकलते. भार स्वतःच्याच पायांवर असतो, गाडा फक्त आधाराचे क्षेत्र वाढवतो. मात्र मूल धरून उभे राहू लागल्यावरच तो द्यावा, सपाट जागी द्यावा आणि कोणीतरी जवळ असावे. गाडा हलका असल्यास खालच्या फळीवर वीट घट्ट बांधावी. गुरुत्वमध्य खाली येतो आणि गाडा उलटत नाही.

हातांचे शिक्षण

पायांप्रमाणे हातही शिकत असतात. सुरुवातीला मूल पूर्ण मुठीने वस्तू पकडते. वर्षाच्या आत-बाहेर अंगठा व तर्जनीची चिमूट जमू लागते. हातांचे हे महत्त्व आपल्या जिल्ह्याने देशापुढे मांडले आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तीच पुढे नयी तालीम म्हणून ओळखली गेली, आणि सेवाग्रामला पूर्व-बुनियादी, म्हणजे लहान मुलांचे शिक्षणही तिच्यात आले. टकळीवर सूत काढून पाहा: एक हात फिरकी देतो, दुसरा पेळू हळूहळू मागे ओढतो. दोन हातांनी एकाच वेळी दोन निराळी कामे करणे ही मेंदूची मोठी करामत आहे. तान्ह्या मुलाला टकळी नको, पण वाटी-चमचा, कापडी चेंडू, भाकरीच्या पिठाचा गोळा पुरेसा आहे. सरकी, बटणे, नाणी मात्र दूर ठेवा. ती थेट तोंडात जातात.

तुम्ही काय कराल?

बाळ जागे असताना, तुमच्या नजरेसमोर, त्याला रोज थोडा वेळ पालथे घाला. मान व खांदे बळकट होतात. झोपवताना मात्र उताणेच झोपवा. सतरंजी अंथरून मोकळी जागा द्या. घरात अनवाणी चालू द्या. पडल्यावर ओरडू नका, त्याला स्वतः उठू द्या.

आणि घाई करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे कालखंड प्रसिद्ध केले, त्यांनुसार मुले आधाराशिवाय बसतात ३.८ ते ९.२ महिन्यांत आणि एकटी चालतात ८.२ ते १७.६ महिन्यांत. सुमारे ४ टक्के मुले हातांवर-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्यात, तर त्यात कमीपणा नाही.

मात्र दीड वर्ष होऊनही मूल चालत नसेल, शरीराची एकच बाजू वापरत असेल, किंवा येत असलेली हालचाल विसरत असेल, तर "होईल हळूहळू" म्हणत बसू नका. अंगणवाडी सेविकेला सांगा, डॉक्टरांना दाखवा. लवकर सुरू झालेल्या उपचारांचा लाभ अधिक होतो, आणि घरात बाळाकडे सर्वांत जास्त वेळ पाहणारे तुम्हीच असाल, तर ही गोष्ट सर्वांत आधी तुमच्याच ध्यानात येईल.