गोठवलेले प्रोग्रॅम – लेखांक ५ : दोन प्रोसेस, एक ऑफसेट

युनिक्स पीडीपी-७ या छोट्या संगणकावर बाळसे धरत होती, तेव्हाची एक चूक डेनिस रिची यांनी १९७९च्या लेखात नोंदवून ठेवली आहे. एका फाइलमध्ये दोन आज्ञा लिहिल्या होत्या : आधी 'एलएस', मग 'हू'. ती फाइल शेलला दिली आणि सगळे आउटपुट दुसऱ्या एका फाइलकडे वळवले. आधी फाइलींची यादी आणि तिच्याखाली हजर वापरकर्त्यांची नावे, असे दिसायला हवे होते. प्रत्यक्षात वापरकर्त्यांची नावे यादीच्याच डोक्यावर लिहिली गेली. फाइलमध्ये पुढचे अक्षर कुठे पडायचे, म्हणजे ऑफसेट, हा आकडा तेव्हा प्रत्येक प्रोसेसकडे स्वतंत्र असे. 'एलएस'ने आपला आकडा पुढे सरकवला, पण शेलचा आकडा शून्यावरच राहिला आणि 'हू'ला वारशात ते शून्यच मिळाले. उपाय म्हणून हे आकडे प्रोसेसकडून काढून घेतले आणि सिस्टिमच्या सामाईक तक्त्यात ठेवले.

तो तक्ता आजच्या लिनक्समध्येही आहे. प्रोसेसच्या हातात असतो तो फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे ३, ४, ५ असा नुसता क्रमांक. हा क्रमांक कर्नलमधल्या एका नोंदीकडे बोट दाखवतो. ऑफसेट आणि फाइल कोणत्या पद्धतीने उघडली आहे याची माहिती त्या नोंदीत असते. प्रत्यक्ष फाइल तिच्याही पलीकडे. 'फोर्क' झाला, म्हणजे एका प्रोसेसमधून दुसरी जन्मली, की त्या मुलाला क्रमांकांची नक्कल मिळते, पण नोंद तीच राहते. दोघांनी आळीपाळीने लिहायची एक हिशेबाची वही आणि तिच्यात घातलेली एकच खूण, असा हा मामला आहे. याउलट दोन प्रोसेसनी तीच फाइल आपापली उघडली, तर नोंदी दोन होतात आणि ऑफसेटही दोन.

गेल्या लेखांकात गोठवलेल्या, म्हणजे चालता चालता थांबवून स्थिती 'इमेज'मध्ये साठवलेल्या, प्रोसेसची मेमरी परत कशी भरतात ते पाहिले. आता उघड्या फाइलींची पाळी.

समजा, बाप आणि मुलगा एकाच नोंदीतून लॉग लिहीत आहेत. बापाने ३०० बाइट लिहिले, मुलाने २००. ऑफसेट ५०० वर असताना दोघांना गोठवले. परत उठवताना एखाद्या भोळ्या प्रोग्रॅमने दोघांसाठी फाइल वेगवेगळी उघडली आणि दोन्हीकडे ऑफसेट ५०० लावला. वरवर सगळे बरोबर दिसते : क्रमांक तेच, फाइल तीच, आकडाही तोच. मग बाप १०० बाइट लिहितो, ते ५०० पासून पडतात. मुलगाही ५०० पासूनच लिहितो आणि बापाचे लिखाण पुसतो. पीडीपी-७ वरची चूक जशीच्या तशी परतली. लॉग 'अपेंड' पद्धतीने उघडला असेल तर हा दोष दिसतच नाही, कारण प्रत्येक वेळी कर्नल फाइलच्या शेवटीच लिहितो. म्हणूनच तो चाचणीतून निसटू शकतो.

तेव्हा खरा प्रश्न असा : दोन क्रमांकांमागची नोंद एकच आहे की दोन, हे बाहेरून ओळखायचे कसे? लिनक्सच्या 'प्रॉक' डिरेक्टरीत प्रत्येक डिस्क्रिप्टरचा पत्ता, ऑफसेट आणि फ्लॅग वाचता येतात. नोंद सामाईक आहे का, हे मात्र तिथे लिहिलेले नसते.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कॉन्डर प्रणालीने हा पेच टाळला. तिच्या चेकपॉइंट करता, म्हणजे गोठवता, येणाऱ्या जॉबना 'फोर्क' करण्याची मुभाच नव्हती. जेसन अँसेल, कपिल आर्य आणि जीन कूपरमन यांनी २००९ मध्ये मांडलेल्या डीएमटीसीपीने मात्र त्याला थेट हात घातला, आणि त्यांची युक्ती फार सुंदर आहे. उघड्या फाइलच्या नोंदीत 'मालक' नावाचा एक रकाना असतो. संकेत कोणाला पाठवायचा ते तो सांगतो. गोठवण्याआधी प्रत्येक प्रोसेस आपल्या डिस्क्रिप्टरवर स्वतःला मालक म्हणून लावते. नोंद एकच असेल तर शेवटी लिहिणाऱ्याचेच नाव उरते आणि तोच त्या फाइलचा म्होरक्या ठरतो. कर्नलमध्ये एक ओळही न बदलता निवडणूक पार पडते!

सीआरआययू या प्रकल्पाने दुसरा रस्ता धरला. पावेल एमेल्यानोव्ह यांनी २०११ मध्ये तो सुरू केला. त्यातल्या सिरिल गोर्कुनोव्ह यांनी लिहिलेला 'केसीएमपी' हा सिस्टिम कॉल २०१२ मध्ये लिनक्स ३.५ मध्ये आला. त्याला दोन प्रोसेस आणि दोन डिस्क्रिप्टर द्यायचे. नोंद एकच असेल तर उत्तर शून्य. वेगळी असेल तर तो 'लहान' की 'मोठी' हेही सांगतो, आणि खरी गंमत इथेच आहे. नुसते 'हो-नाही' मिळाले असते तर १,००० डिस्क्रिप्टरांच्या ४,९९,५०० जोड्या तपासाव्या लागल्या असत्या. क्रम कळल्यामुळे त्यांचे झाड रचता येते आणि काम दहा हजारांच्या आसपास तुलनांत उरकते. कर्नलमधले खरे पत्ते उघडे पडू नयेत म्हणून हा क्रम यादृच्छिक आकड्यांनी घुसळलेला असतो. शिवाय सीआरआययू आधी डिव्हाइस, आयनोड आणि ऑफसेट जुळतात का ते पाहते. ते न जुळल्यास नोंद एक असूच शकत नाही आणि कर्नलला विचारायची गरजही उरत नाही.

परत उठवतानाही दोघांच्या वाटा वेगळ्या. डीएमटीसीपीच्या २००९च्या रचनेत एकच प्रोसेस सगळ्या फाइली उघडत असे आणि मग फोर्क करत असे, त्यामुळे नोंद वारशानेच सामाईक होई. सीआरआययू आधी प्रोसेसचे पूर्ण झाड उभे करते. त्यानंतर प्रत्येक सामाईक फाइलसाठी सर्वांत लहान पीआयडीची प्रोसेस निवडली जाते. ती फाइल उघडते, ऑफसेट लावते आणि युनिक्स सॉकेटवरून डिस्क्रिप्टर बाकीच्यांना पाठवते. या पाठवणीत पलीकडे तीच नोंद पोहोचते, तिचा क्रमांक मात्र निराळा असू शकतो. म्हणून पोहोचल्यावर 'डप' करून जुना क्रमांक लावावा लागतो. 'एक्झेक'च्या वेळी बंद व्हायचे की नाही, हा फ्लॅग नोंदीचा नसून क्रमांकाचा असल्यामुळे तो प्रत्येकाकडे वेगळा लावायचा.

डिस्कवरून नाव पुसलेली, पण अजून उघडी असलेली फाइल ही आणखी एक अडचण. तात्पुरत्या फाइली अनेक प्रोग्रॅम अशाच ठेवतात. नावच नसल्याने ती पुन्हा उघडता येत नाही. सीआरआययू तिचा मजकूर इमेजमध्ये भरून घेते आणि तिला 'घोस्ट फाइल' म्हणते. नेहमीची मर्यादा १ एमबी. मोठ्या फाइलींसाठी ती हाताने वाढवावी लागते.

नाव असलेल्या फाइलींचा मजकूर मात्र इमेजमध्ये जात नाही. तिथे फक्त पत्ता असतो, आणि गोठवतानाचा आकार. मधल्या काळात आकार बदलला असेल तर सीआरआययू सहसा प्रोसेस उठवायला साफ नकार देते. हा नकार अनेकांना जाचक वाटतो, पण तो योग्यच आहे : चुकीच्या जागी लिहू लागलेल्या डेटाबेसपेक्षा न उठलेली प्रोसेस परवडली. कंटेनर दुसऱ्या यंत्रावर हलवणाऱ्यांनी म्हणूनच प्रोसेस आणि तिच्या फाइली एकाच क्षणी टिपाव्यात. कंटेनर चालवणारे पॉडमॅन चेकपॉइंट निर्यात करताना कंटेनरच्या फाइल प्रणालीतले बदलही सोबत बांधून देते. ते वगळण्याचा पर्याय आहे. तो पूर्ण विचार करूनच वापरावा.