बार्शी लाइटचं इंजिन, परळीच्या पत्र्याखाली

पहाटे ५.३०
उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधलं काम घड्याळ ठरवत नाही, ऊन ठरवतं. मापाचं काम पहाटे, विस्तवाचं त्याच्या मागोमाग, दुपारी कागद, संध्याकाळी लेथ.

टेबलावर बार्शी लाइट रेल्वेच्या ‘ए’ वर्गातल्या इंजिनाचा आराखडा आहे. लीड्सच्या किटसन कारखान्यातलं हे इंजिन. आठ चाकं दांड्यांनी जोडलेली, मागे चार मोकळी, पुढे एकही नाही. या रेल्वेच्या अभियंत्याने, एव्हरार्ड कॅलथ्रॉपने, आधी ठरवलं की कुठल्याही ॲक्सलवर ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, आणि मग गाडी आखली. हलक्या रुळांवर जड गाडी ओढायची तर भार जास्त चाकांवर वाटावा लागतो. १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ही गाडी धावली. १९११ मध्ये ती आमच्या शेजारच्या लातूरला पोहोचली.

त्याची प्रतिकृती करताना मी एका फुटाला पाव इंच धरतो, म्हणजे १:४८. या मापात अडीच फुटी रुळांचं अंतर १५.९ मिलिमीटर भरतं, आणि बाजारात रूळ मिळतात १६.५ चे. हा फरक मी पत्करला आहे. रूळही घरीच करायचे म्हटलं तर इंजिन राहूनच जाईल.

सकाळी ७
पितळी पत्र्याच्या दोन पट्ट्या डाख देऊन एकमेकींना चिकटवल्या आहेत. त्या शेगड्यात धरून एकत्रच कापायच्या आणि एकत्रच कानसायच्या. मग डाव्या-उजव्या फ्रेममध्ये फरक उरत नाही. कपलिंग रॉडही असेच जोडीने. आधी रॉडना भोकं पाडायची, मग तेच रॉड फ्रेमवर ठेवून ॲक्सलची भोकं पाडायची. मापात केसभर चूक झाली तरी ती रॉडमध्ये आणि फ्रेममध्ये सारखीच होते, त्यामुळे चाकं अडत नाहीत.

सकाळी ९
डाख द्यायची वेळ. मोठे, जाड भाग आधी, बारीक नंतर. शेजारचा जोड वितळू नये म्हणून त्यावर ओल्या चिंधीची घडी ठेवतो. पाण्याच्या टाक्यांचे रिबीट मात्र खरे नाहीत. पत्र्याच्या मागून टोच्याने एकेक ठिपका उठवलेला. ओळ वाकडी गेली की तो पत्रा भंगारात जातो.

दुपारी १२.३०
शेड तापली. घरात येऊन आराखडा पसरला, तर नातू आला. “आबा, ह्यात पाणी कुठं भरायचं?”

परळीत पाण्याचं मोल कुणाला सांगावं लागत नाही. २०१३ मध्ये पाण्याअभावी इथलं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. नुसत्या कोळशाने वाफ होत नाही. नातवाला कागदावर हिशेब मांडून दाखवला. लांबी ४८ पट घटली की बॉयलरचा पृष्ठभाग २,३०४ पट घटतो, पण आतलं पाणी १,१०,५९२ पट. म्हणजे तेवढ्याच पाण्यामागे उष्णता बाहेर जायला ४८ पट जास्त जागा. वाफ तयार होते न होते तोच निवते. इतक्या लहान मापात वाफेवर इंजिन चालवणारे आहेत, पण त्यांना बॉयलर मापाबाहेर मोठा करावा लागतो. माझ्या बॉयलरमध्ये १२ व्होल्टची मोटर बसेल.

“मग खोटंच की,” तो म्हणाला. मी मान्य केलं.

संध्याकाळी ५
लेथवर चाकं. ती ॲक्सलवर बसवताना एका बाजूचा क्रँक दुसऱ्या बाजूच्या पुढे पाव फेरा ठेवायचा. खऱ्या इंजिनातही तसंच असतं: एका बाजूचा पिस्टन टोकाला थांबून निरुपयोगी झाला, की दुसऱ्या बाजूचा ऐन जोरात असतो. नव्वदचा कोन थोडा चुकला तरी चालेल. चारही ॲक्सलवर तो एकसारखा हवा. म्हणून सगळी चाकं एकाच साच्यात बसवतो.

रात्री ८.३०
काच तिरकी करून त्यावर सांगाडा सोडला. दर फेऱ्याला एकाच जागी अडतो. सगळे रॉड काढले आणि जोडीजोडीने परत लावत गेलो. पहिल्या दोन ॲक्सलपर्यंत मोकळा, तिसऱ्याला अडला. म्हणजे तिथलंच एक भोक रीमरने किंचित मोकळं करायचं. चारही केली तर दांड्या खुळखुळतील.

हे आता करत नाही. दिव्याखाली थकलेल्या हाताने रीमर जास्त फिरतो. पहाटे पहिलं काम तेच. मोटरचं पाकीट तोवर बंद राहील, कारण मोटर अडलेली चाकंही ओढत राहते आणि दोष महिन्याभराने झिजलेल्या पिनांत दिसतो.