जुन्या रायफलीची ओळख

जुन्या लष्करी रायफलीचे रूप कितीही पालटलेले असो, तिचे पूर्वचरित्र तिच्या अंगावरच कोरलेले असते. आपल्याकडील ली-एन्फील्ड घ्या. दस्ता ज्या पोलादी कड्यात बसतो, त्याच्या उजव्या बाजूस राजमुकुट, ईशापूरचे नाव व वर्ष आढळले, की बंगालमधील तिचे जन्मस्थान कळते. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. बोल्टवरचा व चौकटीवरचा क्रमांक जुळला, तर दोन्ही भाग बहुधा मूळचे समजावे.

यानंतर नळी पाहावी. मूळ नळी ०.३०३ इंची, आतून सर्पिल खाचांची. ती गुळगुळीत व रुंद असेल आणि काडतुसांच्या पेटीत लाकडी ठोकळा बसविलेला असेल, तर ते ०.४१० इंची मस्केट होय. पोलीस व पहारेकरी यांच्यासाठी केलेल्या या बदलामुळे एका वेळी एकच काडतूस भरता येई. शस्त्र हाती द्यावयाचे, परंतु त्याचे बळ काढून घ्यावयाचे, असा हा कारभार! तो पुसून टाकणे म्हणजे इतिहासाचाच पुरावा नष्ट करणे होय.

शिकाऱ्याने केवळ पुढचे लाकूड कापले असेल आणि सुमारे २५ इंचांची नळी अखंड असेल, तर त्याच नमुन्याचे लाकूड बसवून मूळ रूप परत आणता येते. मात्र काचकागद वर्ज्य. जवसाच्या तेलाचा हलका हात पुरे. घासून गेलेला शिक्का पुन्हा उमटत नाही. हे काम १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवानाधारक कारागिराकडूनच करवावे.