पाणमोट फुटल्यानंतर

आपल्या सुइणींचा ‘पाणमोट’ हा शब्द मला पुस्तकी संज्ञांपेक्षा नेमका वाटतो. मोट फाटली की पाणी गळते, आणि बाहेरच्या जंतूंना आत शिरायला वाटही मिळते. ३७ आठवडे भरण्याआधी, कळा सुरू नसताना ती फुटली तर डॉक्टरांपुढे पेच उभा राहतो. दिवस ढकलावेत तर बाळाची फुप्फुसे तयार होतात. पण तेच दिवस जंतूंनाही मिळतात. कित्येकदा क्रम उलटा असतो. जंतू आधीच वर चढलेले असतात आणि त्यांच्याशी लढताना शरीराने सोडलेली विकरे पाणमोटीच्या पडद्यातले कोलॅजन झिजवतात.

आत काय चालले आहे, हे कळायचे कसे? ताप पुष्कळदा उशिरा येतो. पांढऱ्या पेशी मोजाव्यात, तर गर्भारपणात त्या एरवीही वाढलेल्या असतात; शिवाय बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला दिलेल्या स्टेरॉइडनेही वाढतात. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते, तेही इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहकाची हाक तिथवर पोहोचल्यावर. आग गर्भाशयात, आणि धूर शोधायचा दंडातल्या रक्तात! गर्भजलातच इंटरल्यूकिन मोजले तर सुगावा लवकर लागतो. पण त्यासाठी पोटातून सुई घालावी लागते, आणि पाणी तर गळून कमी झालेले. म्हणून नाडी, ताप, पोटाचा दुखरेपणा आणि पुन्हा पुन्हा केलेली रक्ततपासणी हे सारे एकत्र वाचावे लागते.

ते वाचले गेले नाही तर काय होते, हे बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांच्या बाबतीत दिसले. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, १७ आठवड्यांच्या गरोदर असताना, त्या आयर्लंडमध्ये गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाल्या. त्याच दिवशी रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या. त्या अहवालाचा वेळेवर पाठपुरावा झाला नाही. मध्यरात्रीनंतर पाणमोट फुटली. पुढे त्यांनी केलेली गर्भपाताची विनंती, गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून मान्य झाली नाही. २८ तारखेला जंतुदोषाने त्यांचा मृत्यू झाला.

मला खुपतो तो १७ हा आकडा. इतक्या लवकर पाणमोट फुटून गर्भ पडू लागला, तर थांबून बाळ वाचण्याची आशा नसते. वर सांगितलेला पेच इथे नव्हताच. धोका मात्र पुरेपूर होता. पाणमोट फुटल्यावर दर चार तासांनी घ्यायच्या नाडी-तापाच्या नोंदीही नियमित नव्हत्या, असे चौकशीत आढळले. गर्भपाताला अडवणारे राज्यघटनेतले कलम आयर्लंडने २०१८ मध्ये सार्वमताने रद्द केले.