चिमणरावांच्या स्वभावातील विसंगती

विनोदी मालिकेतील पात्र एका भागात भित्रे, तर पुढील भागात धीट दिसले की रसिक लेखकास धारेवर धरतात. चि. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या चिमणरावांविषयी ही शंका अधिक खोल जाते. कथांतून चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतात. प्रसंगी बावळट ठरणारा हा गृहस्थ ती सांगताना मात्र विलक्षण चतुर असतो. इतका मिस्कील निवेदक एवढा भोळा कसा? वस्तुतः ‘मी’ या एकाच सर्वनामाच्या पोटी येथे दोन व्यक्ती नांदतात: एक भोगणारी, दुसरी त्या भोगाकडे मागाहून पाहणारी. वाचकास ही फारकत खटकत नाही, कारण क्रियापदाचा भूतकाळ ती सहज झाकून टाकतो.

‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले. पडद्यावर पात्र बाहेरून दिसते. ‘मी’चा अवकाश आखडतो आणि शब्दांतला मिस्कीलपणा नटाच्या मुद्रेवर सोपवावा लागतो. पुस्तकातले चिमणराव निराळे होते, ही तक्रार म्हणूनच खरी आहे. तिचा दोष नटाच्या माथी मारणे तेवढे अन्यायाचे. बदलला तो व्याकरणातील पुरुष. बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊबद्दल अशा तक्रारीस फारसे कारण नव्हते. कथेतही तो प्रथमपासून तृतीय पुरुषीच होता.