कर्करोगाचे मूळ कोणत्या पेशीत?

गरम चहाने टाळू पोळला की वरची पातळ साल सुटून येते. थोड्याच दिवसांत ती जागा पूर्ववत होते. ही दुरुस्ती कोण करते हे कळले, म्हणजे कर्करोग कोठून सुरू होतो याचाही पुष्कळसा उलगडा होतो, असे आम्हांस वाटते.

तोंडाचे अस्तर पेशींच्या थरांचे बनलेले असते. वरच्या पेशी रोज झिजून गळतात. त्यांची जागा घेणाऱ्या पेशी तळच्या थरात जन्मतात. तेथील काही थोड्या पेशी दीर्घकाळ टिकून स्वतःची परंपराही राखतात आणि नव्या पेशीही पुरवितात. यांनाच मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, म्हणतात.

आता तंबाखूतील विषारी द्रव्यांनी जनुकांत बिघाड केला असे समजा. वरच्या पेशीतील बिघाड बहुधा पेशीबरोबरच गळून जातो. मूलपेशीतील बिघाड मात्र टिकतो आणि तिच्या साऱ्या संततीस मिळतो. सुट्या पावतीवरची चूक त्या पावतीपुरती असते. खतावणीतील चूक पुढचे सारे हिशेब बिघडविते. अशा बिघाडांची वर्षानुवर्षे भर पडत जाते आणि अखेर पेशींच्या वाढीवरचा ताबाच सुटतो.

प्रत्येक कर्करोग असाच उद्भवतो असे नाही. कधी प्रगत पेशीही बिघडून मूलपेशीसारखी वागू लागते. परंतु 1994 साली टोरांटोचे जॉन डिक व त्यांचे सहकारी यांनी एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात दाखवून दिले की, रोग्याच्या असंख्य पेशींपैकी फारच थोड्या पेशी उंदरात रोग रुजवू शकतात. अशा पेशी पुष्कळदा संथपणे विभागतात. म्हणून वेगाने विभागणाऱ्या पेशींवर मारा करणाऱ्या औषधांतून त्या निसटू शकतात. बरा वाटलेला रोग उलटण्याचे हे एक कारण होय.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना तळहातावर तंबाखू मळणारा गृहस्थ दिसला की आम्हांस तो तळचा थर आठवतो. महाराष्ट्राने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली. पण चिमूट सोडणे ज्याच्या त्याच्या हाती आहे. ती सोडली म्हणजे नवी भर थांबते आणि धोका हळूहळू उतरतो. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत व्रण भरला नाही, किंवा तोंड पुरते उघडेनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो. परंतु मूळ लहान असतानाच ते उपटणे सोपे असते.